मोती आणि गुलाब : एका गायिकेच्या शेवटच्या रेकॉर्डची गोष्ट



आज आम्ही तुम्हांला एका रेकॉर्डची गोष्ट सांगणार आहोत. रेकॉर्ड म्हणजे ती जुनी काळी तबकडी, लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर वाजायची ती. ही तबकडी अमेरिकेतली आहे. तिच्यावर दहा गाणी आहेत. पण त्यातल्या एका गाण्यात गाणारीचा आवाजच नाही. ड्रम वाजतात, गिटार वाजते, पेटीसारखा ऑर्गन वाजतो, आणि ऐकणारा वाट बघतो की आता बाई गायला लागेल. बाई गात नाही. गाणं तसंच संपतं.

हे मुद्दाम केलेलं नव्हतं. वादकांनी आपलं काम शनिवारी संपवलं होतं. बाई रविवारी येऊन गाणार होती. रविवार उजाडला, ४ ऑक्टोबर १९७०. स्टुडिओत सगळे तिची वाट बघत राहिले. ती आलीच नाही.

तिचं नाव जॅनिस जॉपलिन. वय २७ वर्षं. तिचे जवळचे मित्र तिला ‘पर्ल’ म्हणायचे. पर्ल म्हणजे मोती. त्या रेकॉर्डचं नावही ‘पर्ल’च आहे. पुढं तिच्या आयुष्याचा धागा धरून एक सिनेमा निघाला. त्याचंही नाव आधी ‘पर्ल’च ठेवायचं होतं, पण तसं झालं नाही. का झालं नाही, ते शेवटाकडं सांगू. कारण आज आम्हांला बोलायचंय ते नुसतं गाण्याबद्दल नाही. बाईचं काम आणि बाईचं नाव यांची ताटातूट कशी होते आणि ती कशी थांबवता येते, त्याबद्दल बोलायचंय.

दुःखाचं गाणं

जॅनिस जे गायची त्याला ब्लूज-रॉक म्हणतात. त्यातला ब्लूज आधी समजून घेऊ.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे मोठमोठे मळे होते. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना तिथं गुलाम म्हणून राबवत. १८६५ साली कायद्यानं गुलामी संपली, पण राबणं संपलं नाही. जमीन दुसऱ्याची, हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात, आणि वर्षाच्या शेवटी कर्ज आपल्या नावावर. हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. शेतात राबताना ही माणसं गायची, देवळात म्हणजे चर्चमध्ये गायची. त्या गाण्यांतून ब्लूज तयार झाला. इंग्रजीत निळ्या रंगाला ब्लू म्हणतात आणि मन उदास असलं तरी तोच शब्द वापरतात. तिथून हे नाव आलं.

ब्लूजची एक जुनी रीत आहे. एक ओळ म्हणायची. तीच परत म्हणायची. मग तिसऱ्या ओळीत मनातलं खरं बोलून टाकायचं. आपल्याकडं जात्यावर बसलं की सासर-माहेर, भाऊ, दुखणंखुपणं सगळं आपोआप ओवीत येतं. जे चारचौघांत बोलता येत नाही ते गाण्यात म्हणता येतं. ब्लूजचंही तसंच आहे. सोडून गेलेला नवरा, मारणारा नवरा, भाकरीची चिंता, पूर, दारू, सगळं त्यात येतं.

१९२० साली मॅमी स्मिथ नावाच्या काळ्या गायिकेचं ब्लूज गाणं तबकडीवर निघालं आणि धडाक्यानं खपलं. तेव्हा कंपन्यांच्या लक्षात आलं की या बायकांच्या आवाजात पैसा आहे. मग त्या अशा गायिका शोधायला लागल्या.

त्यांना सापडली बेसी स्मिथ. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावची. लहानपणीच आई-वडील गेले. भावाबरोबर रस्त्यावर गाऊन दोन पैसे मिळवायची. १९२३ साली कोलंबिया कंपनीनं तिची पहिली रेकॉर्ड काढली. ती लाखांनी खपली. लोक तिला ‘ब्लूजची सम्राज्ञी’ म्हणायला लागले. १९२९ साली ती एका छोट्या बोलपटातही गायली. पण कंपनीबरोबर करार झाला होता तो असा, की एका गाण्याचे ठरावीक पैसे एकदाच मिळणार, पुढं रेकॉर्ड कितीही खपली तरी विक्रीत वाटा नाही. त्या काळात ती भरपूर कमावत होती. जाहीर कार्यक्रमांचे पैसे चांगले मिळत. पण रेकॉर्ड जन्मभर खपत राहणार आणि आपला हात तिथं पोचणार नाही, हे त्या करारात लिहिलेलं होतं.

१९३७ साली मिसिसिपी राज्यात मोटार अपघातात बेसी गेली. फिलाडेल्फिया शहरात तिच्या अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली. तिला जवळच्याच शॅरन हिल इथल्या दफनभूमीत पुरलं. आणि त्या जागेवर नावाचा साधा दगडसुद्धा बसवला गेला नाही. ३३ वर्षं ती जागा तशीच बेनाव पडून होती. रेकॉर्ड मात्र खपत होत्या.

तेलाच्या गावातली मुलगी

आता जॅनिसकडं येऊ. तिचा जन्म १९ जानेवारी १९४३ रोजी टेक्सास राज्यातल्या पोर्ट आर्थर गावात झाला. हे तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचं गाव. वडील तेल कंपनीत इंजिनिअर होते. घरात खायला-प्यायला कमी नव्हतं. ती गोऱ्या घरातली मुलगी. गाव मात्र दोन तुकड्यांत वाटलेलं होतं. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. जॅनिस शाळेत म्हणाली की हे वेगळं ठेवणं बरोबर नाही. त्यावरून मुलांनी तिला फार छळलं. त्यात तिच्या चेहऱ्यावर मुरमं होती, अंगानं जाड होती. पुढं ऑस्टिन शहरात कॉलेजला गेली, तर तिथं ‘कॉलेजातला सर्वांत कुरूप पुरुष’ अशी एक थट्टेची स्पर्धा होती. तिच्यात कुणीतरी हिचं नाव घातलं. मैत्रिणींनो, वयात आलेल्या मुलीला असं काही झालं तर ते ती विसरत नाही. जॅनिसही विसरली नाही.

मित्रांच्या घरी जुन्या रेकॉर्ड असायच्या. त्यांत तिला बेसी स्मिथ भेटली. मा रेनी ही बेसीच्याही आधीची मोठी गायिका, ती भेटली. लेडबेली हा काळा गायक भेटला. आपल्या गावात ज्या माणसांशेजारी बसायची बंदी होती, त्याच माणसांच्या गाण्यांतून ही पोर गायला शिकली.

१९६३ साली ती घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. तिथं नशेला लागली, वाळून काडी झाली. १९६५ साली घरी परतली, सुधारायचं ठरवलं, पुन्हा कॉलेजात नाव घातलं. पण गाणं सुटेना. १९६६ साली ती परत सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ नावाच्या बँडमध्ये गायला लागली. हा रॉक बँड होता. म्हणजे विजेवर चालणाऱ्या गिटारी, मोठा आवाज, जोरात वाजणारे ड्रम. त्यावर ही ब्लूज गायची. तेच ते ब्लूज-रॉक.

पहिला सिनेमा आणि एक गाणं

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथं मोठा संगीत मेळावा झाला. त्याचं चित्रीकरण चाललं होतं, सिनेमा करायचा होता. शनिवारी जॅनिसच्या बँडनं गाणी म्हटली, पण त्यांच्या मॅनेजरनं कॅमेऱ्याला परवानगी दिली नव्हती. गाणं असं रंगलं की सगळे हळहळले, हे टिपायला हवं होतं. मग रविवारी त्यांना पुन्हा मंचावर आणलं आणि कॅमेरा सुरू झाला. ‘माँटरे पॉप’ हा सिनेमा पुढच्या वर्षी आला. त्यात जॅनिस गाताना दिसते, पाय आपटते, आवाज फाटेपर्यंत नेते आणि परत कुजबुजीवर आणते. प्रेक्षकांत बसलेली एक नामवंत गायिका तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघताना दिसते. मेळाव्यातल्या या गाण्यानं जॅनिसचं नाव देशभर झालं.

पण ते गाणं कुणाचं होतं? ते होतं बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेचं. ‘बॉल अँड चेन’ त्याचं नाव. तिनंच रचलेलं, तिनंच आधी गायलेलं. जॅनिसनं ते तिच्याकडून प्रत्यक्ष ऐकलं होतं आणि तिला विचारून घेतलं होतं. जॅनिस ते तिचं गाणं म्हणूनच गायची. यात जॅनिसची वागणूक सरळ होती. तरी गोम होतीच. थॉर्नटननं ते गाणं एका छोट्या कंपनीसाठी आधी रेकॉर्ड केलं होतं. त्या कंपनीनं रेकॉर्ड बाजारात आणलीच नाही, पण गाण्याचा हक्क मात्र आपल्याकडं ठेवला. १९६८ साली जॅनिसच्या बँडचा ‘चीप थ्रिल्स’ हा अल्बम निघाला, त्यात हे गाणं होतं. अल्बम आठ आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर राहिला. पण गाणं रचल्याचे जे पैसे थॉर्नटनला मिळायला हवे होते, त्याला ती मुकली.

या बाईच्या नशिबी हे दुसऱ्यांदा आलं होतं. १९५२ साली तिनं ‘हाउंड डॉग’ हे गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. काळ्या श्रोत्यांच्या यादीत ते सात आठवडे पहिलं होतं. तरी तिच्या हाती तुटपुंजे पैसे आले. १९५६ साली तेच गाणं एल्विस प्रेस्ली या गोऱ्या गायकानं म्हटलं आणि जगभर ते त्याचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. थॉर्नटन १९८४ साली लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या खोलीत वारली.

आम्हांला इथं कुणा एकाला चोर ठरवायचं नाही. गाणं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातंच, जायलाच हवं. आपल्या ओव्या तशाच आल्यात. पण जिथं पैसा येतो तिथं कागद येतो. आणि कागद कुणी लिहिला, कुणी वाचला, सही कुणाची, यावर पुढचं सगळं ठरतं.

बेसीचा दगड

१९६८ च्या शेवटी जॅनिस बिग ब्रदरमधून बाहेर पडली. १९६९ साली दुसरा बँड जमवून तिनं आणखी एक अल्बम काढला, पण तो तिच्या मनासारखा जमला नाही. दारू सुरूच होती, हेरॉइन या जीवघेण्या नशेनंही धरलं होतं. १९७० च्या सुरुवातीला ती ब्राझीलला गेली आणि तिथं तिनं हेरॉइन सोडलं. पण परतल्यावर ते पुन्हा तिच्या आयुष्यात आलं.

त्या वर्षी तिनं तिसरा बँड उभा केला, ‘फुल टिल्ट बूगी’. पाच पुरुष वादक, बहुतेक कॅनडाचे. मुख्य ही. त्या काळी रॉक संगीतात बाई फार तर गाणारी म्हणून असायची. बँड कुणाला घ्यायचं, गाणं कुठं थांबवायचं, कुठं उचलायचं, हे बाईनं ठरवणं विरळाच. या बँडबरोबर तिचं छान जमलं.

ऑगस्ट १९७० मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे ती शाळेच्या दहा वर्षांनंतरच्या मेळाव्याला पोर्ट आर्थरला गेली. रंगीत पिसं, मणी, झगमगीत कपडे घालून गेली. ज्यांनी छळलं त्यांना दाखवायचं होतं की बघा, मी कोण झाले. पण जखम काही भरली नाही. बातमीदारांपुढं बोलताना तिचा चेहरा उतरलेला दिसतो.

दुसरी गोष्ट तिच्याही आधीच्या आठवड्यातली. बेसी स्मिथच्या बेनाव जागेवर दगड बसला. त्याचा खर्च दोन बायकांनी मिळून केला. एक जॅनिस. दुसरी वॉनिटा ग्रीन. ही वॉनिटा लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायच्या कामाला जायची. पुढं ती शिकली, नर्स झाली, काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीत पुढारी झाली. जिनं बेसीच्या घरची फरशी पुसली ती, आणि जी बेसीच्या रेकॉर्ड ऐकून गायला शिकली ती, अशा दोघींनी ३३ वर्षांनी बेसीचं नाव दगडावर कोरून घेतलं. आम्हांला या सगळ्या गोष्टीत हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. जॅनिसनं आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हे नुसतं तोंडानं म्हटलं नाही, त्याचे पैसे भरले.

यानंतर दोन महिनेही जॅनिस जगली नाही.

शेवटचं काम

सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत ‘पर्ल’चं काम सुरू झालं. रेकॉर्डचा निर्माता होता पॉल रॉथचाइल्ड. हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

त्या काळी स्टुडिओत गाणं कसं तयार व्हायचं ते थोडक्यात सांगतो. टेपची रुंद फीत असायची. तिच्यावर शेजारी शेजारी अनेक पट्टे असायचे. एका पट्ट्यावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गाणारीचा आवाज, असं वेगवेगळं भरता यायचं. म्हणून वादक आज वाजवून गेले आणि गायिका उद्या गायली, तरी गाणं तयार व्हायचं. मनासारखं झालं नाही तर फक्त आपला भाग पुन्हा गाता यायचा. याआधीच्या रेकॉर्डमध्ये जॅनिस मंचावर ओरडून गायची तशीच गायची. रॉथचाइल्डबरोबर काम करताना ती आवाज राखायला शिकली. कुठं दाबायचा, कुठं सोडायचा, कुठं नुसता श्वास ऐकू द्यायचा. ‘पर्ल’ ऐकताना कळतं, ही बाई आता कामात मुरलेली आहे.

‘मी अँड बॉबी मॅगी’ हे गाणं क्रिस क्रिस्टोफरसन या गीतकाराचं. आधी ते पुरुषांनी गायलेलं होतं. सोबतीनं भटकणारी दोन माणसं आणि त्यांची झालेली ताटातूट, असा त्याचा विषय. जॅनिसनं ते गिटारच्या साध्या साथीवर हळू सुरू केलं आणि शेवटी पुराच्या पाण्यासारखं सोडून दिलं. क्रिस्टोफरसनला तिचं हे गाणं तिच्या मृत्यूनंतरच ऐकायला मिळालं.

१ ऑक्टोबरला तिनं ‘मर्सिडीज बेंझ’ म्हटलं. साथीला एकही वाद्य नाही, नुसता तिचा आवाज आणि पायाचा ठेका. हे गाणं तिनं दोन मित्रांसह रचलं होतं. त्यात एक बाई देवाकडं मागणं मागते, पण काय मागते? महागडी मोटार, रंगीत टीव्ही आणि एक रात्र मौजमजा. मित्रांकडं आहे तसं मलाही दे, म्हणते. ही थट्टा होती, वस्तूंच्या मागं धावणाऱ्या माणसांची. गाणं संपल्यावर ती स्वतःच हसते, ते हसूही रेकॉर्डवर आहे. आणि गंमत बघा, २५ वर्षांनी, १९९५ साली, त्याच मोटारीच्या जाहिरातीत हेच गाणं वाजलं.

३ ऑक्टोबरला, शनिवारी, वादकांनी ‘बरीड अलाइव्ह इन द ब्लूज’ या गाण्याचं वादन पूर्ण केलं. जॅनिस स्टुडिओत होती. तिनं ते ऐकलं. उद्या येऊन गाते, असं ठरलं. रात्री ती हॉटेलच्या खोलीवर गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही म्हणून तिच्या दौऱ्यांचं बघणारा माणूस खोलीवर गेला, तर ती मरून पडली होती. हेरॉइन जास्त झालं होतं. खोलीत एकटीच होती.

नशेबद्दल आम्ही वेगळं काय सांगणार? आपल्यातल्या कितीजणींनी दारूपायी घरं बसलेली पाहिलीत. एवढंच म्हणू, की ती कामाला कंटाळून गेली नाही. काम रंगात आलं असताना गेली.

राहिलेलं काम रॉथचाइल्डनं आणि वादकांनी पूर्ण केलं. ते एक गाणं त्यांनी दुसऱ्या कुणाच्या आवाजात भरलं नाही. तिची जागा मोकळी ठेवली. जानेवारी १९७१ मध्ये ‘पर्ल’ निघाला. काढणारी कंपनी कोलंबिया, एकेकाळची बेसीची तीच कंपनी. अल्बम नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला. ‘मी अँड बॉबी मॅगी’ हेही मार्चमध्ये पहिलं आलं. गायक गेल्यानंतर गाणं पहिलं येण्याची अमेरिकेतली ती दुसरीच वेळ होती.

मोत्याचा गुलाब कसा झाला

आता सिनेमाकडं येऊ. १९७४ साली ‘जॅनिस’ नावाचा माहितीपट आला. त्यात तिचे खरे कार्यक्रम, खऱ्या मुलाखती होत्या. त्याला जोडून १९७५ साली त्याच नावाचा अल्बमही निघाला.

पण हॉलिवुडला तिच्यावर कथापट काढायचा होता. पटकथेचं नाव ठेवलं होतं ‘पर्ल’. टोपणनावही तेच, रेकॉर्डचं नावही तेच. निर्मात्यांनी जॅनिसच्या घरच्यांकडं तिच्या आयुष्याच्या कथेचे हक्क मागितले. घरच्यांनी ते दिले नाहीत. मग निर्मात्यांना नाव बदलावं लागलं, माणसं बदलावी लागली, गोष्ट कल्पित करावी लागली. पर्लचं ‘रोझ’ झालं, मोत्याचा गुलाब झाला. ‘द रोझ’ १९७९ साली आला. मुख्य भूमिका बेट मिडलर या गायिकेची. गंमत म्हणजे त्या सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डचा निर्माता होता पॉल रॉथचाइल्ड, ‘पर्ल’वाला तोच.

सिनेमात रोझ नावाची रॉक गायिका आहे. थकलेली आहे, तिला वर्षभर विश्रांती हवीय. मॅनेजर सोडत नाही. दारू, नशा, प्रेमात मनस्ताप. शेवटी जन्मगावी मोठा कार्यक्रम होतो आणि हजारो लोकांसमोर मंचावरच ती कोसळते. बेट मिडलरनं जीव ओतून काम केलंय. तिला ऑस्करसाठी नामांकन मिळालं. सिनेमाचं शीर्षकगीत अमांडा मॅकब्रूम हिनं रचलेलं, तेही खूप गाजलं. रेकॉर्ड लाखांनी खपली. सिनेमा वाईट नाही. बघून डोळ्यांत पाणी येतं.

पण ‘पर्ल’ ही रेकॉर्ड आणि ‘द रोझ’ हा सिनेमा शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. सिनेमाला त्या बाईचं कोसळणं सांगायचंय. रेकॉर्डमध्ये तिचं काम आहे. सिनेमातली रोझ थकून मेटाकुटीला आलेली आहे. स्टुडिओतली जॅनिस नवा बँड घेऊन, नव्या उमेदीनं, बारकाईनं गात होती. सिनेमातली मंचावर टाळ्यांच्या कडकडाटात मरते. खरी जॅनिस हॉटेलच्या खोलीत मेली आणि दुसऱ्या दिवशी तिला कामावर जायचं होतं. आणि बेसीसाठी दगड बसवणारी जॅनिस त्या सिनेमात कुठंच नाही.

बाईची गोष्ट सांगताना असं फार होतं. तिनं काय केलं यापेक्षा तिचं कसं वाटोळं झालं, हेच चवीनं सांगितलं जातं. गावातल्या एखाद्या बाईबद्दल विचारा. ती उत्तम सुईण होती, शंभर बाळंतपणं केली, हे कुणी सांगत नाही. नवऱ्यानं टाकली होती, हे पहिल्यांदा सांगतात.

जॅनिसच्या घरच्यांना नाही म्हणता आलं, कारण तो हक्क त्यांच्या हातात होता. बेसीच्या वेळी तिच्या बाजूनं असं म्हणणारं कुणी नव्हतं. थॉर्नटनच्या हातात तिच्या स्वतःच्या गाण्याचा कागद नव्हता. तिघींचा आवाज मोठा होता. कागद मात्र एकीच्याच बाजूला होता. ती एक गोरी होती, शिकलेल्या घरातली होती, आणि काळ बदललेला होता, हेही विसरून चालणार नाही. पुढं जॅनिसची बहीण लॉरा हिनं जॅनिसच्या पत्रांच्या आधारे पुस्तक लिहिलं, ते १९९२ साली आलं. २०१५ साली एमी बर्ग या दिग्दर्शिकेनं कुटुंबाच्या सहकार्यानं नवा माहितीपट केला. त्यात जॅनिसनं घरी लिहिलेली पत्रं वाचून दाखवलीत. म्हणजे उशिरा का होईना, गोष्ट तिच्या स्वतःच्या शब्दांत आली.

आपण काय करायचं

तर मैत्रिणींनो, एवढ्या लांबची गोष्ट सांगितली ती कशासाठी? आपल्याकडंही आता मोबाइल घेऊन माणसं येतात. आजीला ओवी म्हणायला लावतात, रेकॉर्ड करतात, निघून जातात. पुढं ती ओवी कुठं वाजते, कुणाच्या नावानं वाजते, आजीला पत्ता नसतो. म्हणून आमचं साधं सांगणं आहे. आपल्या गटात एक वही ठेवा. जी बाई गाणं सांगेल तिचं नाव, गाव, तारीख लिहा. तिनं ते कुणाकडून घेतलं, आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून, तेही लिहा. रेकॉर्ड करू द्यायला हरकत नाही. पण कुठं वापरणार, कुणाच्या नावानं वापरणार, पैसे आले तर कुणाला मिळणार, हे आधी विचारा. कागदावर सही मागितली तर गटात मोठ्यानं वाचून घ्या, मग सही करा. गाणं असो, लोणच्याची कृती असो, गोधडीची नक्षी असो, सगळ्याला हेच लागू.

आणि आपल्या आधी जी बाई होऊन गेली, जिच्याकडून आपण शिकलो, तिचं नाव घ्यायला विसरू नका. जॅनिसनं रेकॉर्ड केल्या, पण बेसीचं नाव दगडावर कोरलं गेलं ते तिनं आणि फरशी पुसणाऱ्या एका पोरीनं आठवण ठेवली म्हणून.

संध्याकाळी कामं आवरली की कुणाच्या तरी मोबाइलवर ‘पर्ल’ लावा. भाषा कळली नाही तरी चालेल. ‘मर्सिडीज बेंझ’ ऐका, शेवटचं तिचं हसू ऐका. मग ते बिनआवाजाचं गाणं ऐका. आणि ते वाजत असताना आपल्या गटातल्या कुठल्या बाईचं नाव अजून कुठंच लिहिलेलं नाही, ते एकमेकींना विचारा. मग वही उघडा आणि तिच्यापासून सुरुवात करा.